एकाच दाराचे आवार

तिसऱ्या फोनवरही तीच म्हातारी आली.

लाइट गेलेली होती. लाइट गेली की आमचे सगळे आवार किरिकोच्या दुकानासमोर येऊन बसते, कारण त्याच्याकडे इन्व्हर्टर आहे, बियर थंड असते आणि वायफाय चालू राहते. मिगदालिया पालथ्या क्रेटवर बसून नाचाचे व्हिडिओ बघत होती. मध्येच नाच थांबला आणि बाग आली. बागेत झुलत्या खुर्चीत पांढऱ्या केसांची एक म्हातारी, शेजारी निळ्या कपड्यांतली नर्स, नर्सच्या हातात रसाचा पेला. थोड्या वेळापूर्वी हीच म्हातारी किरिकोच्या फोनवर येऊन गेली होती, आणि त्याच्या आधी माझ्या मुलाच्या, विल्टनच्या.

"हिला दुसरं घर नाही का?" मिगदालिया म्हणाली. "कालपासून माझ्याच फोनवर ठाण मांडून बसलीय."

मी वाकून खालची अक्षरे वाचली. मला लिहिता-वाचता साठीनंतर आले, चर्चच्या मागच्या खोलीत, संध्याकाळच्या वर्गात. तेव्हापासून दिसेल ते मी वाचतो. औषधाची पाकिटे, बसच्या पाट्या, मिठाच्या पुडीवरचा पत्ता. मला वगळून वाचता येत नाही.

"'आईलाही विसावा हवा. तुम्हालाही,'" मी वाचले. "म्हाताऱ्यांचा आश्रम आहे. राजधानीच्या रस्त्यावर."

"आता सांगतायत? माझी सासू आजारी होती तेव्हा कुठे होते हे?"

किरिको हसला. "तुझ्यासाठी नाहीच ती. आवारात कुणीतरी शोधलंय. मशीन उगाच कुणाच्या आईची काळजी करत नाही."

हे आम्हाला नवीन नव्हते. किरिकोने एकच मोठे कनेक्शन घेतले आहे आणि आवारातली सगळी घरे त्यावरच चालतात. पासवर्ड म्हणजे आमच्या सान पेद्रो शहराच्या बेसबॉल संघाचे नाव, म्हणजे गुपित नाहीच. एकाने काही शोधले की एक-दोन दिवसांत ते सगळ्यांच्या फोनवर फिरू लागते. मागे टक्कल घालवायचे तेल फिरले, तेव्हा सगळ्यांनी किरिकोच्या डोक्याकडे बघितले. पोट कमी करायचा चहा फिरला, तेव्हा मिगदालियाने कितीतरी दिवस कुणाशी बोलणे टाकले होते. कुणाचे ते ओळखायचे, हा आमचा खेळच झाला होता.

या वेळी खेळ पुढे सरकला नाही. आवारात म्हातारी म्हणावी अशी माणसे दोनच, मी आणि एर्सिलिया. आणि आमच्याकडे आईबापाला कुणी आश्रमात ठेवत नाही. ज्याने ठेवले त्याचे नाव लोक आवाज खाली करून घेतात, जेलमध्ये गेलेल्याचे घ्यावे तसे.

मी विल्टनकडे बघितले. त्याने फोन खिशात घातला.

पलीकडे ओट्यावर कासिल्दा तिच्या आईचे, एर्सिलियाचे केस विंचरत होती. अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता. कंगव्याचा हात तेवढा थांबला, मग पुन्हा चालू झाला.

त्या रात्री जेवताना विल्टनने तळलेल्या माशाचा मोठा तुकडा माझ्या ताटात घातला. रोजच घालतो. त्या रात्री मी तो ताटातच ठेवला.

कासिल्दाच्या बाप्तिस्म्याला मी तिला हातावर धरून उभा होतो. म्हणून मी तिचा पाद्रिनो, धर्माचा बाप, आणि एर्सिलिया माझी कोमाद्रे, मी तिचा कोंपाद्रे. आमच्यात हे नाते रक्ताच्या बरोबरीचे. पोरीचा खरा बाप लवकर गेला. मग शाळेतले भांडण असो की पहिल्या पगाराचा केक, ती आधी माझ्याकडे यायची. दारात थांबायची, "आशीर्वाद, पाद्रिनो" म्हणायची, आणि मी "देव तुझं भलं करो" म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही.

ती कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. शनिवारी नाचायला जायची. तिचे उंच टाचांचे लाल बूट होते, आवाराच्या फरशीवर त्यांचा आवाज ओळखू यायचा. मग एर्सिलिया विसरू लागली. आधी भातातले मीठ विसरली, मग परत यायचा रस्ता, मग कासिल्दा. कासिल्दाने नोकरी सोडली आणि मशीन घरी आणले. आता ती शाळेचे गणवेश शिवते. समुद्र आमच्या रस्त्याच्या टोकाला आहे. कासिल्दा तिथे शेवटची कधी गेली हे तिलाही सांगता येत नाही.

रोज संध्याकाळी एर्सिलिया दोन झगे आणि एक कंगवा कापडात बांधते, गाठोडे पोटाशी धरून दारात येते.

"चला, उशीर झाला. मला माझ्या घरी सोडा."

घर तिचेच आहे. नवऱ्याने स्वतःच्या हाताने विटा रचलेले. कासिल्दा वाद घालत नाही. तिला धरून आवारात एक फेरी मारते, परत आणते, गाठोडे सोडते, झगे खिळ्याला लावते आणि फाटकाला आतून कडी घालते. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठोडे.

सकाळी विल्टन बंदरावर कामाला गेल्यावर कासिल्दा आली.

"आशीर्वाद, पाद्रिनो."

"देव तुझं भलं करो, पोरी. कॉफी घे."

तिने कॉफी घेतली नाही. "विल्टनवर रागावू नका. तोंड बघितलं मी तुमचं काल. त्यानं नाही शोधलं ते. मी शोधलं."

मी तिच्यासाठी ओतलेली कॉफी झाकून ठेवली.

"एकदाच. आई झोपली होती. आणि ते टोपी-चष्मेवाल्याचं गुप्त पान असतं ना, त्याच्यावर. नंतर सगळं पुसूनसुद्धा टाकलं. मला वाटलं, पुसलं म्हणजे पुसलं."

"पाठवणार होतीस?"

"नाही." मग ती थांबली. "माहीत नाही. दुकानाच्या काचेतून बूट बघतात, तसं बघत होते. मला बघायचं पण नाही का हो?"

आतून एर्सिलियाने हाक मारली, "कोण आहे? माझी आई आली का?" कासिल्दा उठून गेली.

गोष्ट तिथेच राहिली असती. पण मिगदालियाने आपला तर्क न्यूयॉर्कच्या बहिणीला कळवला, आणि कासिल्दाचा भाऊ रादामेस तिच्याच इमारतीत राहतो. रादामेस तिकडे बांधकामावर आहे. आईचे डायपर पाठवतो, औषधे पाठवतो, कासिल्दाच्या हातातला फोनही त्यानेच पाठवलेला. रोज व्हिडिओवर येऊन आईचा आशीर्वाद मागतो. स्वतः येत नाही.

रविवारी त्याचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे आवारात होतो. एर्सिलियाला बघता यावे म्हणून कासिल्दा फोन पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवते, आवाज मोठा करून. त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेले.

"आईला आश्रमात टाकतेयस म्हणे?"

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगितलं ते सोड. इथे जिन्यात लोक मला विचारतात. मी या थंडीत हाडं मोडतो ती कशासाठी? माझ्या आईनं परक्या बाईच्या हातचं खावं म्हणून?"

मिगदालिया धुणे वाळत घालत होती, तिच्या हातात ओली चादर तशीच राहिली. एर्सिलिया मान पुढे करून फोनकडे बघत होती.

"हा गृहस्थ कुणावर ओरडतोय?" तिने मला विचारले. "कोंपाद्रे, तुम्ही याचं काही घेतलंय का?"

ती मुलीला विसरली, मुलाला विसरली, पण मला अजून कोंपाद्रे म्हणते. हे कासिल्दाला लागते, मला माहीत आहे.

"बोल ना," रादामेस म्हणाला. "शोधलंस की नाही तेवढं सांग."

कासिल्दाने तोंड उघडले. तिला खोटे बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही. मी उठून फोनसमोर गेलो.

"रादामेस, मी शोधलं ते."

"पाद्रिनो?" बहिणीचे ऐकून तोही मला तसेच म्हणतो. "तुम्ही? कुणासाठी?"

"माझ्यासाठी. कुणासाठी शोधणार? कासिल्दाचा काही संबंध नाही."

विल्टन कोपऱ्यात मोटरसायकलचे चाक काढून बसला होता. त्याच्या हातातला पाना खाली पडला नाही. त्याने तो हळूच फडक्यावर ठेवला आणि घरात निघून गेला.

रादामेस रडायला लागला. बहिणीची माफी मागितली, मग माझी. "माझी बहीण संत आहे," तो म्हणाला, आणि ते सगळ्या आवाराने ऐकले.

विल्टनने मला एकदाच विचारले. "काय कमी पडलं, पापा?"

"काही नाही रे."

"मग?"

खरे सांगितले असते तर ते सुनेला कळले असते, आणि सुनेला कळले की मिगदालियाला. मी म्हणालो, "नुसतं बघत होतो." त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत नवा पंखा आला. मला रस्ता ओलांडावा लागू नये म्हणून त्याने डॉमिनोचे टेबल आमच्या ओट्यावर आणून ठेवले. सून जेवलात का, हे परत परत विचारू लागली. आणि बागेतली ती म्हातारी अजून सगळ्यांच्या फोनवर येतच होती. ती आली की विल्टन मला दिसायच्या आत फोन पालथा घालायचा. ज्या घरात मी अर्ध्या चड्डीवर फिरायचो, तिथे मी पाहुणा झालो.

ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस होते. त्या दिवसांत आमच्याकडे घरोघर घेवड्याची गोड खीर होते, नारळाच्या दुधातली, रताळ्याचे तुकडे घातलेली, वर छोटी बिस्किटे टाकलेली. ती आपली आपण खायची नसते. वाडगे या घरातून त्या घरात जातात आणि रिकामे परत येत नाहीत. त्या वर्षी सगळ्यांत मोठे वाडगे माझ्याकडे आले. निघालेल्या माणसाला देतात तशी खीर होती ती, मनुका जरा जास्तच.

कासिल्दा सगळ्यांत शेवटी आली. वाडगा टेबलावर ठेवला. आशीर्वाद मागितला नाही.

"पातळ झालीय," ती म्हणाली.

"बस."

"आई उठेल." पण ती गेली नाही. दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. "रादामेसनं त्याच्या मुकादमालासुद्धा सांगितलंय माझं. म्हणे अशी बहीण कुणाला मिळत नाही. आणि मिगदालिया मला बघून छातीवर क्रूस काढते, पाद्रिनो. मूर्तीपुढे काढतात तसा."

"तुला वाचवायला बोललो मी."

"माहितीये. वाचवलंत, आणि बाहेरून कुलूप लावलंत." तिचा आवाज चढला नाही. "आधी निदान लोकांना वाटत होतं की ही पाठवू शकते. चार शिव्या दिल्या असत्या आणि नंतर विसरले असते. मलाही वाटत होतं की पाठवू शकते. आता कशी पाठवू? संताला काचेच्या पेटीत ठेवतात. तिथून तो कुठे जातो?"

"मग परत बघ ते पान. बघायला काय हरकत आहे?"

"कुठे बघू? आता मी बघितलं तर ती म्हातारी आणखी जोरात सगळ्यांच्या फोनवर येईल, आणि विल्टनला वाटेल की तुम्ही अजून शोधताय. मला साधं बघताही येत नाही आता."

ती गेल्यावर मी खीर खाल्ली. पातळ नव्हती.

संध्याकाळी मी किरिकोकडे गेलो. एक गोष्ट चांगली झाली होती. आश्रम मीच शोधतो असे सगळ्यांना वाटत असल्यामुळे मला विचारायची चोरी नव्हती.

"मला ते परत बघायचंय," मी म्हणालो. "विल्टनच्या फोनवर न येता."

किरिकोने बियरच्या बाटल्या पुसत माझ्याकडे दुःखाने बघितले. "कशाला बाबा? विल्टन वाईट आहे का?"

"नाही. पण बघायचंय. टोपीवाल्याच्या पानावर बघितलं तरी फुटलं, असं कसं?"

"टोपीवाला तुमच्या फोनला विसरायला लावतो. जगाला नाही. आवारात घरं किती का असेनात, बाहेरून माझं एकच दार दिसतं. दारातून कोण बाहेर पडलं ते त्यांना कळत नसेल, पण या दारातलं कुणीतरी म्हातारीसाठी हिंडतंय, एवढं कळतं. मग ते सगळ्या दारावरच पोस्टर चिकटवतात."

"मग करायचं काय?"

"दुसऱ्या दारानं जायचं. समुद्राकाठच्या बागेत फुकटचं वायफाय आहे. तिथे शेकडो लोक असतात, कुणाचं म्हणून सांगणार? टोपीवाला तिथेही वापरायचाच, म्हणजे फोनमध्ये काही उरणार नाही. नाव-नंबर टाकायचा नाही. कुठे आहात विचारलं तर नाही म्हणायचं. आणि पान उघडलं की ते 'मान्य' दाबायला सांगतं ना, ते दाबायचं नाही."

"न दाबता पान दिसतं?"

"खाली बारीक अक्षरात 'नाकारा' लिहिलेलं असतं. कुणी वाचत नाही."

मी वाचतो, असे मी म्हणालो नाही.

दोन दिवसांनी, उन्हे कलल्यावर, एर्सिलिया गाठोडे घेऊन दारात आली. "चला, उशीर झाला." कासिल्दा तिला फेरी मारायला बाहेर घेऊन आली, तेव्हा मी फाटक उघडून उभा होतो.

"आज लांबची फेरी," मी म्हणालो.

कासिल्दाने माझ्याकडे बघितले, मग आवाराकडे. मिगदालियाने ओट्यावरून हात हलवला. "जा गं, हवा खाऊन ये. तुझ्या जिवाला पण लागते."

एर्सिलियाला मधे धरून आम्ही हळूहळू रस्त्याच्या टोकाला गेलो. समुद्र दिसल्यावर कासिल्दा थांबली, आणि मीही थांबलो. मग आम्ही बाकावर बसलो. आजूबाजूला पोरेटोरे फोनमध्ये तोंड खुपसून बसली होती, आमच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. एर्सिलियाने गाठोडे मांडीवर घेतले.

कासिल्दाने फोन काढला. पान उघडले आणि अर्ध्या काचेवर मजकूर पसरला. तिचा अंगठा सवयीने मोठ्या हिरव्या चौकोनाकडे गेला.

"थांब," मी म्हणालो. मी वरपासून वाचत गेलो, एकेक शब्द. ते आमची माहिती कुणाकुणाला देणार होते ते लिहिले होते, ती यादी आमच्या आवारापेक्षा मोठी होती. सगळ्यात खाली, राखाडी अक्षरात, ते होते. "हे दाब."

बाग आली. झुलत्या खुर्च्या, लांब व्हरांडा, पांढऱ्या जाळीच्या खिडक्या. कासिल्दा सावकाश खाली-वर करत होती. भेटायच्या वेळा तिने दोनदा वाचल्या. एका खोलीच्या चित्रावर थांबली. पलंग, कपाट, भिंतीला खिळ्यांची एक ओळ.

एर्सिलिया तिच्या खांद्यावरून वाकली.

"अगं, हेच," ती म्हणाली. "हेच माझं घर. बदामाचं झाड बघ. मी रोज सांगते, कुणी ऐकत नाही."

कासिल्दाने फोन खाली केला नाही. "तुला जायचंय तिथे?"

"मग? गाठोडं कशाला बांधलंय मी?"

तेवढ्यात काचेवर रादामेसचा चेहरा आला. त्याची वेळ झाली होती. फोन वाजत राहिला. कासिल्दाने केस सारखे केले, ओढून-ताणून हसली आणि फोन घेतला.

"आशीर्वाद, आई. अरे, समुद्रावर? माझी बहीण आईला समुद्रावर नेते." तो मागे कुणाला तरी सांगत होता. "बघा, बघा."

"देव तुमचं भलं करो, साहेब," एर्सिलिया म्हणाली. "आम्ही घरी निघालोय."

"हो आई, जा घरी. काळोख व्हायच्या आत जा."

त्याने ठेवल्यावर कासिल्दाने पान पुन्हा उघडले. पुन्हा तोच मजकूर पसरला, तोच हिरवा चौकोन.

"आत्ताच तर नाही म्हटलं याला," ती म्हणाली.

"लक्षात नाही ठेवलेलं त्यानं. नाही म्हटलं की ते ओळख ठेवत नाही."

कासिल्दा थोडा वेळ त्या मजकुराकडे बघत राहिली. "बरं आहे," ती म्हणाली. "एक तरी ओळखत नाही." मग तिने आईकडे बघितले, आणि फोन बंद करून पिशवीत टाकला.

आम्ही परतलो तेव्हा आवारातली लाइट गेलेली होती. आम्ही फाटकाशी पोहोचलो आणि लाइट आली. सगळ्या आवारातून ओरडा उठला, "आली, लाइट आली", जसा रोज उठतो. एर्सिलिया दचकून उभी राहिली. आत पाऊल टाकेना. मग तिने कासिल्दाकडे वळून बघितले, मान खाली घातली आणि लहान मुलीसारखे म्हणाली,

"आशीर्वाद, आई."

कासिल्दाने फाटक धरून ठेवले होते. "देव तुझं भलं करो, बाळा," ती म्हणाली. "चल आत."

एर्सिलिया आत गेली. मी गेलो. कासिल्दा थोडी मागे राहिली, समुद्राच्या बाजूला तोंड करून, मग आत आली आणि तिने आतून कडी घातली.

सकाळी मी तिचा वाडगा परत द्यायला गेलो. त्यात आमची खीर होती. ती मशीनवर बसून निळ्या शर्टाला कॉलर लावत होती.

"आशीर्वाद, पाद्रिनो," ती मान वर न करता म्हणाली.

"देव तुझं भलं करो, पोरी."

भिंतीवरचे खिळे रिकामे होते. गाठोडे दाराशी ठेवलेले होते, आदल्या संध्याकाळसारखेच. त्याची गाठ कुणी सोडलेली नव्हती.